छातीवरची पदके वाचायची कशी?

१९७१ च्या युद्धात, आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलला विमानातून उतरलेल्या मराठा छत्रीधाऱ्यांची हकिकत आज सांगायची होती. ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण शिरोळ तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न थांबण्यासारखा नाही. १६ डिसेंबरला, विजय दिनी, त्यांच्या गावात १९७१ च्या युद्धातल्या माजी सैनिकांचा सत्कार आहे. सूत्रसंचालन त्यांच्याकडे. "प्रत्येकाबद्दल बोलू काय?" असे ते विचारतात.

ज्या तालुक्यात एका गावाचे नावच सैनिक टाकळी आहे, तिथेही बहुतेक सत्कार फेटा, शाल, श्रीफळ आणि टाळ्या एवढ्यावर उरकतात. लगेच पुढचे नाव. याचे मला फार वाईट वाटते. त्या माणसाची अर्धी हकिकत त्याच्या कोटावर टाचलेली असते आणि ती कोणी वाचत नाही.

वाचायला अवघड काही नाही. 'पूर्वी स्टार' हे पदक असेल, तर गडी १९७१ मध्ये पूर्वेकडे, आजच्या बांगलादेशाच्या आघाडीवर होता. पश्चिमी स्टार असेल तर पाकिस्तानकडच्या सरहद्दीवर. दोन्ही पाच टोकांचे तारे. गोल संग्राम पदक अधिक जणांना मिळाले. कारवाईच्या प्रदेशात सेवा बजावलेल्या सगळ्यांसाठी ते होते, त्यात मुलकी माणसेही आली. समर सेवा स्टार दिसला, तर हा माणूस १९६५ च्या लढाईतही होता. गोल पदकाची कडा उजेडात फिरवून पाहा: क्रमांक, हुद्दा आणि नाव तिथे बारीक अक्षरांत ठोकलेले असते.

पल्टण मात्र या पदकांवरून कळत नाही. ती त्यांनाच विचारावी. उत्तर 'पहिली मराठा', म्हणजे जंगी पल्टण, असे आले आणि छातीवर पूर्वी स्टार असला, तर लगेच विचारा, "जमालपूरला होता का?"

पूर्व आघाडीवरच्या जमालपुरात पाकिस्तानची ३१ बलुच पल्टण वेढ्यात सापडली होती. भारताचे ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याची चिठ्ठी धाडली. बलुच पल्टणीचे लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तरासोबत बंदुकीची एक गोळी पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री बलुची टांगाईलच्या रस्त्याने निसटू लागले, तेव्हा वाट अडवून बसली होती ती लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांची पहिली मराठा. रात्रभर झुंज झाली आणि ११ तारखेला जमालपूर पडले. त्या रात्री रस्त्यावर असलेला माणूस तुमच्या व्यासपीठावर बसला असेल आणि त्याची ओळख नुसती 'माजी सैनिक' अशी होत असेल, तर तो सत्कार अपुरा आहे.

म्हणून आदल्या दिवशी प्रत्येकाच्या घरी जा. हुद्दा, पल्टण, आघाडी, काम एवढे लिहून घ्या आणि त्यांनाच वाचून दाखवा. स्वयंपाकी, चालक, बिनतारीवाला यांचेही काम सांगा. शिधा, दारूगोळा आणि निरोप यांच्यावाचून पल्टण पुढे सरकत नाही. पदरची विशेषणे जोडू नका. त्या काळी विशीत असलेली ही माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. विचारायचे ते याच वर्षी विचारा.

आता पुढच्या आठवड्यात टांगाईल.