खटकणारे शब्द

काही शब्द पायात मोडलेल्या काट्यासारखे असतात. काटा असतो लहान, पण प्रत्येक पावलाला तो आपली आठवण करून देतो. 'या ठिकाणी' हे दोन शब्द ऐकले की कुणाच्या तळपायाची आग मस्तकाला जाते, कुणाला 'बेसिकली' सोसत नाही, तर कुणाला 'बघू' हे दोनच अक्षरांचे उत्तर दिवसभर छळते. गंमत अशी की या शब्दांत शिवी नाही, शाप नाही, अपशब्दही नाही. ते बोलणाऱ्याला आपण काही दुखावतो आहोत याची वार्ताही नसते. मग हे शब्द का खटकतात? या चिडीमागे काही कारण असते की ती नुसती ऐकणाऱ्याची लहर? आणि कारण असेल, तर ते दर वेळी योग्यच असते का? भाषेचे विद्यार्थी म्हणून याचा थोडा विचार करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम सर्वांत निरुपद्रवी प्रकार घेऊ. पालुपद हा शब्द मूळचा गाण्यातला. कडव्यामागून कडवे झाले की जी ओळ पुन्हा येते ते पालुपद. बोलण्यातही अशी पालुपदे असतात. 'म्हणजे', 'काय आहे ना', 'बरं का', 'खरं सांगायचं तर', 'आपलं' ही जुनी. 'ॲक्च्युअली', 'बेसिकली' ही अलीकडची. एखादे शिक्षक प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'काय?' म्हणतात आणि मागच्या बाकावर वहीच्या शेवटच्या पानावर त्याच्या रेघा मोजल्या जातात. तासाला पन्नास 'काय' भरले, तर विषय कोणता होता हे कुणालाच आठवत नाही.

परंतु पालुपद अगदी निरर्थक नसते. बोलताना मन पुढचे वाक्य जुळवीत असते, आणि तेवढ्या वेळात आपले बोलणे संपलेले नाही, मध्ये शिरू नका, हे समोरच्याला कळवावे लागते. ते काम पालुपद करते. कीर्तनकाराचे 'बरं का' श्रोत्याला सावध करते. 'आपलं सहज आलो होतो' यातले 'आपलं' कुणाच्याच मालकीचे नसते. ते काढून टाका, आणि भेटीतला सगळा सैलपणा निघून जातो. म्हणजे पालुपद खटकते ते त्याच्या अर्थामुळे नव्हे, तर संख्येमुळे. मीठ वाईट नसते. मूठभर पडले की वाईट. अति तेथे माती, एवढाच त्याचा न्याय.

दुसरा प्रकार आहे व्यासपीठावरच्या आणि कचेरीतल्या भाषेचा. कोणत्याही समारंभाला जा. वक्ते 'आपला जास्त वेळ न घेता' असे म्हणून अर्धा तास घेतात. 'दोन शब्द' बोलायला उठलेला माणूस दोन हजारांच्या आत बसत नाही. पाहुणे येत नाहीत, ते 'लाभतात'. आणि 'या ठिकाणी मला या ठिकाणी सांगावेसे वाटते' हे वाक्य तर इतके परिचयाचे झाले आहे की कोणते ठिकाण, असे विचारायचेही कुणाला सुचत नाही.

कचेरीची भाषा याहून वेगळ्या कारणाने खटकते. 'कार्यवाही करण्यात येत आहे' हे वाक्य घ्या. यात कर्म आहे, क्रियापद आहे, नाही तो फक्त कर्ता. कार्यवाही कोण करीत आहे, हे वाक्य मोठ्या शिताफीने लपवते. 'रामाने आंबा खाल्ला' यात रामाला जाब विचारता येतो. 'आंबा खाण्यात आला' यात विचारायचे कुणाला? 'साहेब जागेवर नाहीत', 'उद्या या', 'होऊन जाईल' ही वाक्येही त्याच कुळातली. 'बघू' हाही त्यांचाच धाकटा भाऊ. त्याचा अर्थ बहुधा 'नाही' असाच असतो. पण 'नाही' म्हणण्याने येणारा वाईटपणा बोलणाऱ्याला नको असतो. घरात, नात्यागोत्यात हे 'बघू' माणसांची मने सांभाळते. पण दाखल्यासाठी कामावरचा खाडा करून तिसऱ्यांदा खिडकीशी उभ्या राहिलेल्या माणसाला ते ऐकावे लागते, तेव्हा त्याला येणारा राग शब्दाचा नसतो; बुडालेल्या रोजाचा असतो. अशा शब्दांवर चिडणे हा भाषिक हट्ट नव्हे. तो आपला हक्क आहे.

तिसरा प्रकार परक्या साच्यात ओतलेल्या मराठीचा. आज सर्वांत जास्त वाद होतो तो 'माझी मदत कर' या प्रयोगावर. हिंदीतल्या 'मेरी मदद करो'चा हा ठसा. जुन्या माणसांना तो खटकतो आणि तरुणांना त्यात काय बिघडले ते कळत नाही. बिघडते ते असे. मराठीत ज्याला मदत मिळते त्याला 'ला' लागतो : 'मला मदत कर.' 'माझी मदत' म्हणजे मी केलेली मदत. 'संकटात त्याला माझी मदत झाली' असे आपण म्हणतो, तेव्हा देणारा मी असतो आणि घेणारा तो. 'माझी मदत कर' म्हणताच देणारा आणि घेणारा यांची जागाच बदलते. एका लहानशा प्रत्ययाने सांभाळलेला भेद पुसला जातो. मौज अशी की 'मदत' हा शब्दही आपला नव्हे. तो अरबी-फार्शीतल्या 'मदद'चा मराठी अवतार. म्हणजे पाहुणा शब्द आपण घरात घेतला, त्याला आपल्या घरची रीत शिकवली, आणि आता आपणच ती रीत विसरत चाललो आहोत.

'बनवणे' या क्रियापदाची कथाही अशीच. 'आईने पोळ्या बनवल्या' असे म्हटले की एखादी आजी विचारते, "कुणाला बनवलं?" कारण तिच्या मराठीत 'बनवणे' म्हणजे फसवणे; 'बनवाबनवी' हा शब्द त्यातूनच आला. पण एवढ्यावर थांबू नका. जुन्या स्वयंपाकघरात कान द्या. तिथे पोळी लाटतात, भाकरी थापतात, लाडू आणि शेवया वळतात, लोणचे आणि कुरडया घालतात, दही विरजतात, ताक घुसळतात, चहा टाकतात. आपल्या मावळात शेतातही भात लावतात आणि कुकरलाही भातच लावतात. प्रत्येक क्रियापदात हाताची एक वेगळी हालचाल आहे. या सगळ्यांच्या जागी एकटे 'बनवणे' येऊन बसले की शब्द एक वाढतो आणि दहा जातात. नुकसान भाषेच्या शुद्धतेचे नाही, तिच्या श्रीमंतीचे आहे. त्या हालचाली ज्यांच्या हातांनी पिढ्यान् पिढ्या केल्या, त्यांच्या कौशल्याची नोंदही त्या क्रियापदांबरोबर पुसली जाते.

मात्र परका शब्द दिसला की त्याच्यावर तुटून पडावे, असा याचा अर्थ नाही. ही तक्रार आजची नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली, तीच मुळी मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीची चर्चा करीत. त्याच्याही दोनशे वर्षे आधी शिवछत्रपतींच्या आज्ञेने 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला आणि राज्यकारभारातल्या फार्शी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. रत्नागिरीतल्या स्थानबद्धतेच्या काळात, १९२४ ते १९३७ या वर्षांत, सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. दिनांक, क्रमांक, महापौर असे शब्द त्या चळवळीने रूढ केले. आज ते आपण सहज वापरतो, पण त्या काळी अशा शब्दांची यथेच्छ टवाळी झाली. माधव जूलियन यांचे उदाहरण तर फारच बोलके आहे. ज्यांनी १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला, ज्यांची आरंभीची कविता फार्शी शब्दांनी नटलेली होती, त्यांनीच १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. १९६२ साली राज्य शासनाचा 'पदनाम कोश' निघाला, तेव्हा त्याला 'बदनाम कोश' म्हणून हिणवले गेले. पण संचालक, अधीक्षक, अभियंता हे शब्द आज कुणाच्या कानाला लागतात?

उलट पगार, चावी, बटाटा हे पोर्तुगीज शब्द आहेत, हे सांगूनही खरे वाटत नाही. १८५८ साली खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला आणि त्याबरोबर 'स्टेशन' आपल्या दाराशी आले. आज तळेगाव दाभाड्यात कुणी पत्ता विचारला तर पहिला प्रश्न असतो, "गावात की स्टेशनला?" स्टेशनाच्या वस्तीपासून वेगळे ओळखावे म्हणून जुन्या वस्तीला आपण 'तळेगाव गाव' म्हणतो. व्याकरणाच्या काटेकोर मास्तरांना हा 'पिवळा पीतांबर' वाटेल. गाव तर नावातच आहे. मग पुन्हा गाव कशाला? पण इथे दुसऱ्या 'गाव'ला काम आहे. त्याच्यावाचून रिक्षावाला तुम्हाला भलत्याच टोकाला नेऊन सोडील. म्हणून तो कुणालाच खटकत नाही. 'पुन्हा परत'मधले 'परत' मात्र बिनकामाचे, म्हणून ते खटकते. शब्द कुठून आला यापेक्षा तो कोणते काम करतो, हे अधिक महत्त्वाचे.

येथवर शब्द खटकला तर दोष शब्दाचा असू शकतो, असे आपण पाहिले. आता दुसरी बाजू पाहू. पुष्कळदा आपल्याला खटकतो तो शब्द नसतोच. खटकतो तो बोलणारा.

आंदर मावळातून, नाणे मावळातून, पवन मावळातून मुले-मुली तळेगावला शिकायला येतात. कुणी एस.टी.ने, कुणी कामशेत-मळवलीकडून लोकलने. त्यांतले एखादे वर्गात 'पानी' म्हणते, 'लोनी' म्हणते, आणि कुठून तरी खसकन हसू फुटते. हसणारा क्षणात विसरतो. पण ज्याला हसले, तो पुढे वर्षभर हात वर करीत नाही. उत्तर येत असूनही गप्प बसतो. वक्तृत्व स्पर्धेच्या यादीत त्याचे नाव कधी लागत नाही. एका अक्षराची किंमत केवढी पडली ते पाहा.

आणि ते अक्षर तरी किती 'अशुद्ध' आहे? 'पाणी' हा शब्द संस्कृतातल्या 'पानीय' या शब्दापासून आला. 'लोणी' आले 'नवनीत'पासून. दोन्ही ठिकाणी मुळात 'न' आहे. महाराष्ट्री प्राकृताने 'न'चा सरसकट 'ण' केला. तिथे नदीसुद्धा 'णई' होते आणि नयन 'णअण' होतात. म्हणजे ज्याला आपण शुद्ध म्हणतो तो 'ण' हाच एके काळी संस्कृताचा 'अपभ्रंश' होता, आणि ज्याला हसतो त्या 'पानी'तला 'न' मूळ संस्कृत उच्चाराच्या अधिक जवळ जातो. मराठीच्या प्राचीनतेसाठी ज्या 'गाथासप्तशती'चा दाखला आपण अभिमानाने देतो, मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हाही जिचे नाव सर्वांच्या ओठी होते, तिची भाषा त्या काळच्या पंडितांच्या दृष्टीने प्राकृत जनांचीच होती. ज्यांनी तळेगावात घर केले ते गो. नी. दांडेकर 'पवनाकाठचा धोंडी' लिहायला बसले, तेव्हा त्यांनी मावळी माणसांच्या तोंडी मावळी बोलीच घातली. ती बोली पुस्तकात वाचताना आपण वाहवा म्हणायचे आणि शेजारच्या बाकावर ऐकताना नाक मुरडायचे, हा न्याय कुठला?

प्रमाण मराठी शिकू नये, असे मुळीच नाही. परीक्षेला, अर्जाला, नोकरीला ती लागते. ती सर्वांना यायलाच हवी. पण ती शिकवायची असते. तिने कुणाला हिणवायचे नसते.

शेवटी एक शब्द असा, जो कुणालाच खटकत नाही आणि खरे तर सर्वांत आधी खटकायला हवा. तो शब्द म्हणजे 'नुसते'. "काय शिकतोस?" "बी.ए." "नुसतं बी.ए.?" आपल्यापैकी प्रत्येकाने हा संवाद कुठल्या ना कुठल्या लग्नघरात ऐकलेला आहे. "सूनबाई काय करतात?" "काही नाही, घरीच असते." ही 'घरीच' असणारी बाई पहाटे उठून सगळ्यांचे डबे करते, आषाढात गुडघाभर चिखलात भात लावते, म्हाताऱ्यांचे औषधपाणी पाहते. तिचे अवघे आयुष्य 'काही नाही' या दोन शब्दांत आपण गुंडाळून ठेवतो, आणि पुष्कळदा ती स्वतःही तेच उत्तर देते. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. दोष आहे तो त्यामागच्या नजरेत.

तेव्हा एखादा शब्द खटकला की मनाला तीन प्रश्न विचारावेत. या शब्दाने अर्थ धूसर झाला का? या शब्दामागे कुणी जबाबदारी लपवीत आहे का? या शब्दाने कुणी लहान झाला का? यांपैकी एकाचे उत्तर जरी 'होय' असले, तर चिडण्यात काही वावगे नाही. नम्रपणे, पण स्पष्टपणे ते बोलून दाखवावे. तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल, तर दोष शब्दाचा नसून आपल्या कानाचा आहे, असे समजून पुढे जावे.

लोकांकडून पैसा पैसा गोळा करून उभा राहिलेल्या पैसा फंडातून १९०८ साली आपल्या तळेगावात काचेचा कारखाना निघाला. एका पैशाला किंमत ती काय? पण कुणाचाही पैसा हलका म्हणून परत केला असता, तर तो फंड उभा राहिलाच नसता. मराठीचाही असाच फंड आहे. त्यात कुणी फार्शी पैसा टाकला, कुणी पोर्तुगीज, कुणी संस्कृत आणि कुणी मावळी. खोटे नाणे जरूर बाजूला काढावे; पण ते खोटे आहे की केवळ आपल्या ओळखीचे नाही, हे आधी नीट वाजवून पाहावे.