खर्च ज्याचा त्याने सोसावा?

काकांची एक वही अजून माझ्याकडे आहे. लाल कापडी बांधणीची, लांबट, दुकानात उधारी मांडायला असते तशी. पहिल्या पानावर ‘वाटपाचा दावा’ आणि खाली रकाने: तारीख, एसटी, नकला, झेरॉक्स, वकीलसाहेब. वाडा आणि सहा एकर जमीन यांच्यासाठी काका आणि माझे वडील अकरा वर्षं तालुक्याच्या कोर्टात भांडले. शेवटी दोन्ही आत्या मध्ये पडल्या, चौघांचे हिस्से ठरले, तडजोड पुरशीस टाइप होऊन आली. सह्यांच्या वेळी काकांनी ही वही टेबलावर ठेवली. “आणि हे कोण देणार?” या एका प्रश्नाने सह्या चार महिने लांबल्या.

जमिनीची वाटणी जमते आणि खर्चाच्या कलमावर गाडं अडतं, असं मी त्यानंतर कितीतरी घरांत पाहिलं. कारण खर्चाचा विषय सगळ्यात शेवटी निघतो. तोवर प्रत्येकाच्या मनात ‘कोर्टात कोणामुळे जावं लागलं’ याचा हिशेब पक्का झालेला असतो.

कायद्यात याचं तयार उत्तर आहे, अशी लोकांची समजूत असते. निकालापर्यंत गेलेल्या दाव्यात ते थोडंफार आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ प्रमाणे खर्च कोणी आणि किती द्यायचा हे न्यायालय ठरवतं. साधारणपणे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा, आणि न्यायाधीशांनी तसं केलं नाही तर कारण लिहायचं. पण तडजोडीत कोणी हरत नाही आणि कोणी जिंकत नाही. आदेश २३, नियम ३ खाली पक्षकारांनी जे लिहून दिलं त्याचाच हुकूमनामा होतो. बहुतेक पुरशिशींच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं: खर्च ज्याचा त्याने सोसावा. टायपिस्टच्या हाताला ते इतकं बसलेलं असतं की कोणी न सांगताही उमटतं. आणि संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर कलम ९६ प्रमाणे अपील नाही. म्हणून सही करण्याआधी हे वाक्य थांबून वाचा. खर्चाबद्दल वेगळं काही ठरलं असेल तर ते तिथेच यायला हवं.

काका निकालात जिंकले असते तरी त्यांच्या वहीतलं फारसं परत आलं नसतं. हुकूमनाम्याच्या खर्चाच्या तक्त्यात कोर्ट फी, समन्सचा खर्च, साक्षीदारांचा भत्ता आणि नियमाप्रमाणे ठरणारी वकील फी धरतात. प्रत्यक्षात वकिलाला मोजलेली रक्कम त्यात येत नाही, आणि अकरा वर्षांचं एसटीचं भाडं तर नाहीच. खोट्या किंवा त्रास देण्यासाठी केलेल्या दाव्याबद्दल कलम ३५अ खाली भरपाई मिळते, तिची कमाल मर्यादा ३,००० रुपये आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने रामेश्वरी देवी विरुद्ध निर्मला देवी या निकालात, तोही घरच्याच मालमत्तेचा वाद होता, खर्च वास्तवाला धरून लावा असं खालच्या न्यायालयांना बजावलं. तालुक्याच्या पातळीवर ते अजून पुरतं उतरलेलं मला दिसत नाही.

मग घरात बसून काय ठरवायचं? माझ्या मते खर्चाचे दोन ढीग करावेत. मिळकतीसाठी झालेला खर्च सामाईक: मोजणी, कोर्ट कमिशनर, मूल्यांकन, सातबारा-फेरफारांच्या नकला. बाहेरच्या माणसाने जमिनीवर हक्क सांगितला आणि कर्त्याने ती कोर्टात लढून वाचवली, तर तो खर्चही सामाईकच. हिंदू कायद्याने तो पूर्वीपासून कुटुंबाच्या गरजेत धरला आहे. पण भावाविरुद्ध उभा केलेला वकील हा ज्याचा त्याचा. या दोहोंची गल्लत झाली की भांडण पुन्हा पेटतं.

मुद्रांकाचं उत्तर तर मुद्रांक कायद्यातच लिहिलेलं आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. वाटणीच्या दस्ताचं मुद्रांक शुल्क पक्षकारांनी आपापल्या हिश्शाच्या प्रमाणात द्यायचं. वाटणी कोर्टाच्या हुकमाने होत असेल तर कोर्ट सांगेल त्या प्रमाणात. ‘मोठा भाऊ भरेल’ हा नियम कुठेही नाही.

इथे एक खड्डा आहे. दाव्यात फक्त गावची जमीन असते आणि तडजोडीत उत्साहाने पुण्याचा फ्लॅटही घालतात. दाव्याचा विषय असलेल्या मिळकतीपुरता तडजोडीचा हुकूमनामा सहसा नोंदणीतून सुटतो. दाव्याबाहेरची मिळकत आत आली की नोंदणी कायद्याच्या कलम १७ खाली तो नोंदवावा लागतो. मग नोंदणी फीचा नवाच खर्च उभा राहतो, आणि तो कोणाचा हे पुरशिशीत नसतं.

कोर्ट फी परत मिळते, तीही विसरू नका. महाराष्ट्रात ती आता कमाल दहा लाख रुपयांपर्यंत जाते, म्हणजे रक्कम लहान नसते. दावा लोकअदालतीत मिटला तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे फी परत होते. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पक्षकारांनी कोर्टाबाहेर आपसात मिटवलं तरी त्यांना हा लाभ नाकारू नये. परतावा मात्र ज्याने फी भरली त्याच्या नावाने निघतो. तीन भावांनी वर्गणी काढून भरलेली फी एकाच्या खात्यात आली, की पुढचं सांगायला नको. पुरशिशीत एक ओळ घाला: परत आलेली फी अमुक प्रमाणात वाटून घ्यावी.

बहिणींबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. १९९४ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत महिला पक्षकारांना कोर्ट फी माफ झाली. त्याच वर्षी राज्याने मुलींना सहदायिकीत हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर आला, आणि २०२० च्या विनिता शर्मा निकालाने वडील हयात होते की नव्हते हा वाद मिटवला. फी वाचते म्हणून बहिणीला वादी करायचं, आणि तडजोडीच्या दिवशी ‘आम्ही एवढा खर्च केला’ म्हणत तिच्या हिश्शातून तो कापायचा किंवा तिच्याकडून हक्कसोडच घ्यायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हा अन्याय आहे. जी फी भरलीच नाही तिचा वाटा तिच्याकडे कसा मागणार? कोणत्याही महिलेला, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हे तिला दाव्याच्या पहिल्या दिवशी सांगायला हवं.

आमच्या घरी मोठ्या आत्याने वही मागून घेतली आणि पेन्सिल घेऊन ओटीवर बसली. ओळीओळीला काकांना विचारत गेली. “मोजणी तुझ्या एकट्याच्या वाट्याची झाली का रे? नाही ना, मग ही सगळ्यांची.” त्या ओळीपुढे तिने ‘सा’ लिहिलं, सामाईकचा. “आणि वकील कोणाविरुद्ध केलास? दादाविरुद्ध. मग दादाने का द्यायचा?” काका काही बोलले नाहीत. ती पानं तिने तशीच उलटली. दुपार कलली तेव्हा ‘सा’च्या ओळींची बेरीज १२,८०० झाली, चौघांत ३,२०० प्रत्येकी. पहिले ३,२०० आत्याने स्वतःच्या पिशवीतून काढले, मग धाकट्या आत्याने, मग वडिलांनी.

पुरशिशीच्या सातव्या कलमात ‘ज्याचा त्याने’ खोडून पेनाने नवं वाक्य घातलं, बाजूला चौघांच्या छोट्या सह्या आहेत. वहीच्या शेवटच्या पानावर काकांच्या अक्षरात ‘९,६०० मिळाले’ आणि खाली तारीख. एसटीच्या रकान्यात त्यानंतर नोंद नाही.