अपहृत बालकाचा शोध : रहस्यकथेतील काळ आणि न्यायालयातील पुरावा

प्रस्तावना

गुन्हेगारी रहस्यकथेच्या विविध प्रकारांत अपहृत बालकाच्या शोधाची कथा वाचकप्रिय ठरलेली आहे. एक निरपराध मूल, भयग्रस्त माता-पिता, दूरध्वनीवरून येणारा अनोळखी आवाज, खंडणीची मुदत आणि काळाशी स्पर्धा करणारा तपास अधिकारी, या घटकांवर ही कथा उभी असते. मात्र समाजाच्या मनात अपहरणाविषयी जी कल्पना रुजते, तीही बव्हंशी अशा कथांतून आणि चित्रपटांतूनच. म्हणून या कथाप्रकाराची रचना, नागपूर येथे 2014 साली घडलेली एक प्रत्यक्ष घटना आणि तत्संबंधीचा कायदा यांचा एकत्रित विचार उपयुक्त ठरतो. प्रस्तुत लेखात कथेतील काळ आणि वास्तवातील काळ यांमधील अंतर स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

अपहरणकथेची रचना

या कथाप्रकाराचा आदर्श नमुना म्हणून अकिरा कुरोसावा यांच्या 1963 सालच्या ‘हाय अँड लो’ या जपानी चित्रपटाचा उल्लेख करता येईल. एड मॅकबेन यांच्या 1959 सालच्या ‘किंग्ज रॅन्सम’ या कादंबरीवर तो आधारित आहे. पादत्राणांच्या कंपनीतील एका उच्चाधिकाऱ्याच्या मुलाऐवजी चुकून त्याच्या मोटारचालकाचा मुलगा पळविला जातो. परक्याच्या मुलासाठी स्वतःची सर्व संपत्ती द्यावी काय, हा नैतिक पेच पूर्वार्धात येतो. उत्तरार्धात पोलिसांचा चिकाटीचा तपास येतो. मूल जिवंत परत मिळते आणि त्यानंतर गुन्हेगाराचा शोध सुरू होतो.

या रचनेत एक गृहीत दडलेले आहे. खंडणीची मागणी होते त्या वेळी मूल जिवंत असते आणि मुदत संपेपर्यंत ते जिवंत राहील, असे वाचक मानतो. कथेतील उत्कंठा या गृहीतावरच टिकून असते. वास्तवाने हे गृहीत अनेकदा खोटे ठरविले आहे. 1932 साली अमेरिकेत वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचे अपहरण झाले. पन्नास हजार डॉलरची खंडणी दिली गेली. परंतु मे महिन्यात मुलाचा मृतदेह घरापासून काही मैलांवर आढळला. खंडणी देण्यापूर्वीच मूल मरण पावलेले होते. त्याच वर्षी अमेरिकेत अपहरणाविषयी संघराज्याचा स्वतंत्र कायदा झाला. अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या 1934 सालच्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ या कादंबरीतील पूर्वकथेमागे हीच घटना आहे. जपानमध्येही कुरोसावा यांचा चित्रपट प्रदर्शित झाला त्याच महिन्यात टोकियोतील एका चार वर्षांच्या मुलाचे अपहरण होऊन त्याची हत्या झाली. 1964 साली जपानच्या दंडसंहितेत खंडणीसाठीच्या अपहरणाची स्वतंत्र तरतूद करण्यात आली.

भारतीय चित्रपटांत अनुराग कश्यप यांचा ‘अग्ली’ हा या संकेताला छेद देणारा चित्रपट होय. 2013 साली कान महोत्सवात दाखविला गेलेला हा चित्रपट भारतात डिसेंबर 2014 मध्ये प्रदर्शित झाला. मुंबईत मोटारीतून एक दहा वर्षांची मुलगी नाहीशी होते. तक्रार देण्यास आलेल्या पित्याला पोलीस ठाण्यात दीर्घ काळ असंबद्ध प्रश्न विचारले जातात. मोबाईलवर फोन करणाऱ्याचे छायाचित्र कसे दिसते, यावर संभाषण रेंगाळते आणि मूळ तक्रार बाजूला राहते. गिरीश कुलकर्णी यांनी रंगविलेला इन्स्पेक्टर जाधव येथे लक्षात राहतो. पुढे प्रत्येक प्रौढ व्यक्ती मुलीच्या नाहीशा होण्याचा उपयोग आपला सूड किंवा लोभ साधण्यासाठी करते. शोध चालू असल्याचे दिसते. पण शोधाचा विषय मूल राहिलेले नसते.

नागपूरची घटना

सप्टेंबर 2014 मध्ये नागपूरच्या लकडगंज परिसरातून एका आठ वर्षांच्या शाळकरी मुलाचे अपहरण झाले. कुटुंबाकडे खंडणीची मागणी करण्यात आली. तथापि, अपहरणानंतर काही तासांतच मुलाची हत्या झालेली होती. मृतदेह शहराबाहेर सापडला. दोन तरुणांवर खटला चालला. त्यांपैकी एक जण पूर्वी कुटुंबाकडे नोकरीस होता आणि मूल त्याला ओळखत होते. 2016 साली सत्र न्यायालयाने दोघांना मृत्युदंड ठोठावला व त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो कायम केला. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा जन्मठेपेत परिवर्तित केली. मात्र पंचवीस वर्षांपर्यंत शिक्षेत सूट मिळणार नाही, अशी अट घातली.

या घटनेतून दोन बाबी स्पष्ट होतात. पहिली, कथेतील अनोळखी आवाज वास्तवात ओळखीच्या माणसाचा असू शकतो. परिचयामुळे मूल विनातक्रार सोबत जाते आणि तोच परिचय पुढे मुलाच्या जिवावर बेततो; कारण सुटका झालेले मूल अपहरणकर्त्याचे नाव सांगू शकते. दुसरी, खंडणीची मुदत हा तपासाचा खरा काळ नव्हे. खरा काळ मूल दिसेनासे झाल्याच्या क्षणापासून मोजावा लागतो.

कायद्याची चौकट

भारतीय दंडसंहितेत 1993 साली कलम 364-अ समाविष्ट झाले. खंडणीसाठी अपहरण केल्यास मृत्युदंड किंवा जन्मठेप आणि दंड अशी शिक्षा त्यात होती. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने या कलमाची वैधता मान्य केली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम 140(2) मध्ये आहे. पालकांच्या ताब्यातून बालकास पळवून नेण्याच्या अपराधात पूर्वी मुलग्यासाठी सोळा व मुलीसाठी अठरा वर्षे अशी भिन्न वयोमर्यादा होती. नव्या संहितेत दोघांसाठीही ती अठरा वर्षे आहे.

केवळ अपहरण आणि पैशाची मागणी सिद्ध होणे पुरेसे नाही, हे 2021 सालच्या शेख अहमद विरुद्ध तेलंगणा राज्य या निकालाने स्पष्ट केले. जीवे मारण्याची वा इजा करण्याची धमकी, तशी वाजवी भीती निर्माण करणारे वर्तन किंवा प्रत्यक्ष इजा वा मृत्यू यांपैकी एक घटक सिद्ध व्हावा लागतो. त्या प्रकरणात तो सिद्ध न झाल्याने खंडणीच्या कलमाखालील शिक्षा रद्द होऊन साध्या अपहरणाची शिक्षा उरली.

तपासाच्या आरंभाविषयीचा महत्त्वाचा आदेश मे 2013 मधील बचपन बचाओ आंदोलन प्रकरणातील आहे. बालक हरवल्याची तक्रार येताच प्रथम माहिती अहवाल नोंदवावा आणि बालकाचे अपहरण वा मानवी व्यापार झाला आहे, असे प्रथमदर्शनी गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. ‘मूल येईल परत, रात्रीपर्यंत वाट पाहा’ असे सांगून पालकांना परत पाठविण्यास या आदेशाने आधार उरत नाही.

कथा आणि पुरावा

रहस्यकथेत संशयिताने चौकशीच्या खोलीत दिलेली कबुली हा परमोच्च बिंदू असतो. भारतीय न्यायालयात मात्र पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. आरोपीने कोठडीत दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तुस्थिती उघडकीस आली, तर माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य ठरतो. 1872 च्या पुरावा अधिनियमातील कलम 25 ते 27 मधील हे तत्त्व आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. म्हणूनच अशा खटल्यांत बालकाला आरोपीसोबत शेवटचे पाहणारा साक्षीदार, दूरध्वनीच्या नोंदी, जप्त वस्तू आणि न्यायवैद्यक अहवाल यांची साखळी निर्णायक ठरते. तिची एक कडी निखळली, तरी संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. कथेत तपास अधिकाऱ्याची प्रतिभा डोळे दिपविते. न्यायालयात पंचनाम्यातील अचूकता टिकते.

समारोप

अपहृत बालकाची कथा समाजाची भीती व्यक्त करते, ही तिची शक्ती होय. परंतु ‘पोलिसांना कळवू नका’ या धमकीला मान देणारे कथेतील पालक आणि शेवटच्या मिनिटाला पोहोचणारा नायक यांतून एक घातक समज पसरू शकतो की, वाट पाहण्यास अवधी आहे. लिंडबर्ग, टोकियो आणि नागपूर या तिन्ही घटना याच्या विरुद्ध साक्ष देतात. साहित्य, विधी आणि समाजशास्त्र या विषयांच्या अध्यापकांना हा कथाप्रकार वर्गात एकत्रितपणे अभ्यासता येईल. विद्यार्थ्यांना कथेची रचना समजावून देताना हरवलेल्या बालकाची तक्रार तत्काळ नोंदविणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे आणि त्याचा आग्रह धरणे हा पालकांचा अधिकार आहे, हेही सांगितले जावे. 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आणि जवळचे पोलीस ठाणे यांच्याशी पहिल्याच तासात संपर्क साधला जाणे, हे मूल जिवंत सापडण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.