एकच विष, मुंगसाला वेगळं आणि माणसाला वेगळं

गोंदिया जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांध्यांभोवती बेडूक-उंदीर वाढतात आणि त्यांच्यामागे नाग, मण्यार, घोणस येतात. नागाच्या विषातले घटक मज्जातंतूंकडून स्नायूंना मिळणारा संदेश अडवतात. शेवटी श्वासाचे स्नायूही थांबतात. माणूस, बैल, कुत्रा या सगळ्यांत हे घडतं. नागझिरा अभयारण्यात दिसणाऱ्या मुंगसात मात्र हा संदेश घेणारी स्नायूवरची जागाच थोडी वेगळी असते, त्यामुळे हे घटक तिथे नीट चिकटत नाहीत. चपळाई अर्थातच कामी येते, पण खरं कवच हेच. तेही अमर्याद नाही.

घोणसाचं विष रक्त गोठवणारे घटक संपवून टाकतं, मग रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या 2020 च्या अभ्यासात सर्पविषाचा परिणाम मांजरापेक्षा कुत्र्याच्या रक्तावर लवकर दिसला. त्यात कुत्रा सापाला हुंगायला जातो, म्हणून दंश बहुधा तोंडावरच होतो. मण्यार सर्वांत फसवी: रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, वेदना जवळजवळ नसते.

घोड्यांपासून तयार होणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. मात्रा विषानुसार ठरते, वजनानुसार नाही. म्हणून लहान मुलालाही मोठ्याइतकीच लागते. जनावरांनाही हेच प्रतिविष देतात. दंश झाल्यास चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. माणसाला थेट सरकारी रुग्णालयात, जनावराला पशुवैद्यकाकडे न्या.