तेलाआधीची तिजोरी : सौदी अरेबिया आणि युरोपची मंदी

दोन महायुद्धांमधील युरोपच्या अस्थैर्याचा विचार बहुधा बर्लिन, व्हिएन्ना आणि लंडन येथेच थांबतो, आणि अरबस्तानाचे वाळवंट त्या उलथापालथीपासून दूर, तेलाच्या जोरावर निश्चिंत होते, असे सर्रास मानले जाते. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. अब्दुल अझीझ इब्न सौद यांनी 1925 मध्ये हिजाझ, म्हणजे मक्का, मदिना आणि जेद्दा ज्यात येतात तो पश्चिमेकडील प्रांत, जिंकला. 1929 मध्ये सबिला येथे इख्वान या आपल्याच टोळीसैन्यातील बंडखोरांना नमवले. आणि 23 सप्टेंबर 1932 रोजी सारे प्रांत एकत्र करून आजच्या नावाचे राज्य जाहीर केले. तेल सापडायला त्यानंतरही साडेपाच वर्षे जावी लागली.

या राज्याची तिजोरी प्रामुख्याने हज यात्रेवर चालत असे. यात्रेकरूंकडून मिळणारे शुल्क आणि जेद्दा बंदरातील जकात ही मुख्य मिळकत, आणि तिचे मूळ होते जावातील रबराच्या, तसेच हिंदुस्थानातील कापसाच्या आणि धान्याच्या भावांत. ते भाव कोसळताच मुंबई बंदरातून जेद्द्याकडे निघणाऱ्या जहाजांवरील गर्दी ओसरली. 1927 च्या सुमारास परदेशी यात्रेकरूंची संख्या एक लाखाच्या घरात होती. 1933 मध्ये ती वीस हजारांच्या आसपास उतरली. मे 1931 मध्ये ऑस्ट्रियातील क्रेडिटआन्स्टाल्ट ही बलाढ्य बँक डबघाईला आली, सप्टेंबरमध्ये ब्रिटनने सुवर्ण परिमाण, म्हणजे ठरलेल्या दराने चलनाच्या बदल्यात सोने देण्याची व्यवस्था, सोडून दिली, आणि त्याच वर्षी सौदी सरकारला आपल्या कर्जाची फेड तहकूब करावी लागली. नोकरांचे पगार महिनोन्‌महिने थकले.

तेलाची सवलत, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी तेल शोधून काढण्याचा एकाधिकार, ब्रिटिशांच्या वजनामुळे ठरली, हा दुसरा गैरसमज आहे. ब्रिटिश वर्चस्वाखालील इराक पेट्रोलियम कंपनी बोलीत उतरली होती हे खरे, परंतु हातघाईला आलेल्या अर्थमंत्री अब्दुल्ला सुलेमान यांना रोख सोने हवे होते आणि तिने देऊ केलेली रक्कम फारच तोकडी होती. 29 मे 1933 रोजी जेद्द्यात करार झाला तो स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया या अमेरिकी कंपनीशी, साठ वर्षांच्या मुदतीचा.

करारानुसार 30,000 सोन्याच्या पौंडांचे कर्ज आणि पहिल्या वर्षाच्या भाड्याचे 5,000 पौंड लगेच द्यायचे होते, आणि येथेच मंदीने पुन्हा आडकाठी घातली, कारण अमेरिकेने नुकतीच सोन्याच्या निर्यातीवर बंदी आणली होती आणि तेथील अर्थखात्याने या व्यवहारापुरती सूट देण्याचेही नाकारले. अखेर कंपनीने लंडनमध्ये 35,000 सॉव्हरिन, म्हणजे आपल्याकडे ज्यांना गिन्या म्हणत ती ब्रिटिश सोन्याची नाणी, खरेदी केली आणि जहाजाने जेद्द्याला पाठवली. ऑगस्ट 1933 मध्ये तेथील एका डच बँकेत, अर्थमंत्र्यांच्या नजरेसमोर, सुमारे 280 किलो वजनाची ही नाणी टेबलावर ओतून हाताने मोजून घेण्यात आली. त्याच काळात मंदीने गांजलेले हिंदी शेतकरी दागिने मोडत होते आणि ते सोने मुंबईहून लंडनला जात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या संकटाची व्याप्ती कळते. राजाने देशाच्या भूगर्भाचा हक्क दिला तो तेलाच्या संपत्तीची चाहूल लागली म्हणून नव्हे, तर हजचे उत्पन्न आटले म्हणून, असाच निष्कर्ष या घटनाक्रमातून निघतो.

करार होताच पैशाचा ओघ सुरू झाला, हेही खरे नाही. दम्माम येथील पहिल्या विहिरी निराशाजनक ठरल्या आणि मार्च 1938 मध्ये सातव्या विहिरीला व्यापारी प्रमाणात तेल लागले. 1 मे 1939 रोजी रास तनुरा बंदरातून तेलाचे पहिले जहाज निघाले, आणि बरोबर चार महिन्यांनी युरोपात युद्ध पेटले. यात्रेकरू पुन्हा घटले, तेलाचे काम मंदावले, आणि महायुद्धाची बहुतेक वर्षे हे राज्य ब्रिटिश व अमेरिकी मदतीवर तगून राहिले.