हेंद्रेपाड्यातली उपकारस्तुती

पेटीची एक पट्टी दाबली की खालीच राहते. वाजवणारे काका डाव्या हातानं भाता मारत असतात, उजव्या हाताच्या अंगठ्यानं ती पट्टी हळूच वर उचलतात आणि पुढच्या ओळीला बरोबर पोचतात. पुराच्या रात्री पेटी माळ्यावर टाकली होती, म्हणून वाचली. ओल मात्र तिलाही लागलीच.

बदलापूर पश्चिमेला, नदीजवळच्या हेंद्रेपाड्यात, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही प्रार्थनेला दाटीवाटीनं बसलो आहोत. गेल्या आठवड्यात इथे गुडघ्याच्या वर पाणी होतं. गाळाची तपकिरी रेघ सगळ्या भिंतींवरून फिरलेली आहे. गाद्या टाकून दिल्यात, फ्रिज बंद पडलाय, कपाटाचा प्लाय फुगून दार लागत नाही. खिडकीत पवित्र शास्त्र उघडून उभं केलंय, पानांच्या मधे वर्तमानपत्राचे तुकडे घातलेत. शेजारी ‘उपासना संगीत’. ते दुप्पट जाड झालंय नि मिटायला तयार नाही.

पाण्याची गोष्ट या भागात घरोघरी आहे. कुणी २६ जुलै २००५ ची सांगतं, कुणी २०१९ ची. त्या वर्षी बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांची बोटींनी सुटका झाली. ती गाडी सगळ्या देशानं पाहिली. त्याच पाण्यात बुडालेल्या तळमजल्यांकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

या घरात पुराच्या आधीच एक संकट येऊन बसलंय. मुलगा अंबरनाथच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार होता, कंपनीनं त्याला ब्रेक दिला. सून डबे करते, पण पुरात शेगडी आणि पीठ दोन्ही गेलं. या महिन्याची घरसभा यांच्याकडे होती. पाळकसाहेबांनी फोन करून विचारलं, दुसरीकडे ठेवू का? घरातल्या आजींनी निरोप दिला, “सभा हितंच. आन उपकारस्तुतीचीच.”

गाणं टिळकांचं आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि मराठी मंडळीला अभंग-ओवीच्या वळणाची गीतं दिली. म्हणून इथे पेटीच्या जोडीला टाळ आहेत. आजी डोळे मिटून, दिंडीत चालल्यासारख्या डोलत गातायत. पेटीवाले काका ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. त्यांचा सूर अजून पक्का आहे.

अशा सभांची मला एक भीती वाटते. रडणाऱ्या माणसाला “रडू नका, आभार माना” असं कुणी सांगितलं की माझा जीव गुदमरतो. ती स्तुती नव्हे, ती दुखऱ्याच्या तोंडावर ठेवलेला हात. आजही कोपऱ्यात एक ताई बसल्यात. गुडघे पोटाशी घेतलेले, ओठ मिटलेले. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून आल्यात. तिथे त्या जीन्सचे धागे कापायचं काम नगावर करतात. त्यांचा मुलगा सकाळच्या गर्दीत लोकलच्या दारातून पडून गेला. गाणं सुरू झाल्यापासून मी त्यांच्याकडेच बघतोय. आता कुणीतरी त्यांना टाळ्या वाजवायला सांगेल, म्हणून धास्तावलोय.

कुणी सांगत नाही.

पाळकसाहेब हबक्कूकचं पुस्तक उघडतात, तिसऱ्या अध्यायाचा शेवट. तो संदेष्टा शेतकऱ्याच्या घरातली एकेक रिकामी जागा दाखवत जातो: झाडं, वेल, शेत, मेंढवाडा, गोठा. सगळं मोजून झाल्यावरच तो देवाच्या ठायी आनंद करायची भाषा करतो. “आधी गोठा रिकामा आहे हे मोठ्यानं म्हणा,” पाळकसाहेब म्हणतात. “देवाला काय ते ठाऊक नाही? पण आपण लपवाछपवी करून त्याच्यापुढे बसायचं नाही. चला, साक्ष द्या. काय गेलं ते आधी सांगा.”

माझ्या खांद्यांवरचा ताण उतरतो.

या घरातला मुलगा उठतो. पगार गेला, म्हणतो. रात्री झोप लागत नाही. बायकोसमोर मान वर होत नाही. मग जरा थांबून म्हणतो, “वरच्या मजल्यावरच्या भाऊंनी त्या रात्री आईला पाठीवर घेऊन जिना चढवला. त्याबद्दल प्रभूचे उपकार.” दोघं-तिघं “आमेन” म्हणतात. सून पदरानं डोळे पुसते आणि एवढंच सांगते, की आज शेजारणीच्या शेगडीवर चहा झालाय.

आजी बसूनच बोलतात. “बाहात्तरच्या दुष्काळात आमी नगरकडं खडी फोडाया जायचो. सुकडी मिळायची. कापणीच्या सणाला देवापुढं ठिवाया काय? रानात काडी न्हवती. माझ्या सासूनं वाटीभर सुकडी ठिवली. सरकारची सुकडी! पाळकांनी ती वाटी उचलली आन त्येंनाच रडू फुटलं. पर सण झाला. आमी गायलो.”

मी वहीत लिहायचं सोडून देतो. स्वतःच्या शेतातलं पहिलं कणीस देवाला द्यायचं, तर त्या बाईनं पोटातल्या भुकेतलं काढून दिलं. तक्रार आणि अर्पण एकाच वाटीत. माझ्या समजुतीप्रमाणे स्तोत्रसंहिताही अशीच आहे. तिच्या १५० स्तोत्रांतली कितीतरी विलापानं सुरू होतात आणि त्यातली बहुतेक स्तुतीपर्यंत पोचतात, पण वाटेतला हुंदका गाळत नाहीत.

“मला काहीच सुचत नाही,” कोपऱ्यातल्या ताई अचानक म्हणतात. “आभार तोंडातून निघत नाहीत माझ्या.”

“मग नका मानू आज,” पाळकबाई त्यांच्याजवळ सरकून बसतात. “तुमच्या वाटचं आम्ही म्हणू.”

आणि खरंच, पुढची प्रार्थना पाळकबाई त्यांच्या वतीनं करतात. मुलाचं नाव घेतात, त्याचं वय सांगतात, तो कितवीपर्यंत शिकला नि काय खायला आवडायचं तेही सांगतात. तो होता, त्याबद्दल उपकार मानतात. मृत्यूबद्दल मानत नाहीत. हा फरक त्या शब्दाशब्दाला सांभाळतात, आणि ते ऐकताना ताई पहिल्यांदा मान वर करतात.

दानाची थैली फिरते. काका जाहीर करतात, आजचं दान शेगडीसाठी. आजी आधी नको म्हणतात, मग सुनेकडे बघून गप्प बसतात. चहा येतो, पारलेजी येतं, पोरं गाळाच्या रेघेवर बोटं फिरवून ओरडा खातात. जाणाऱ्यांना गाडीची घाई आहे. आठनंतर पाऊस वाढेल म्हणतात.

दाराशी चपला शोधता शोधता ताई पाळकसाहेबांना थांबवतात. “पुढची सभा माझ्याकडे ठेवा. गाणी मात्र मी सांगेन तीच.”

“कॅम्प चार ना? विठ्ठलवाडीला उतरायचं?” पाळकसाहेब डायरी काढतात.

“हो. पाचला या. आणि काका, तेवढी पेटी दुरुस्त करून आणा.”