शेडची झाली केबिन!

इंग्लंडमध्ये बागेतल्या लाकडी शेडमध्ये ऑफिस थाटायची क्रेझ आहे. पण थंडीत तिथे बसणं म्हणजे खायचं काम नाही, बॉस!

कल्पना करा, बॉसबरोबर व्हिडिओ कॉल सुरू आहे. तुमच्या अंगात दोन स्वेटर, मांडीवर गरम पाण्याची पिशवी आणि बोलताना तोंडातून वाफा! माझी एक कॉलेजमैत्रीण इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात २०२२ च्या डिसेंबरमध्ये अशीच बसत होती. घर दोन बेडरूमचं. मॅटर्निटी लीव्ह संपलेली, नोकरी घरून, आणि नातवाबरोबर सहा महिने राहायला पुण्याहून आई आलेली. आईला खोली द्यायची म्हणून टेबलाची रवानगी थेट मागच्या शेडमध्ये. तिथे आधी मुक्काम होता गवत कापायच्या मशीनचा!

शेडमधून काम करणारी ती काही पहिली नाही. लेखक रोआल्ड डाल आपल्या बागेतल्या झोपडीत बसूनच लिहायचे. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांची झोपडी तर उन्हाकडे तोंड करून फिरवता यायची. तिचं नाव त्यांनी ठेवलं होतं ‘लंडन’. नको असलेला पाहुणा आला की घरचे बिनधास्त सांगणार, ‘साहेब लंडनला गेलेत!’

पहिला जुगाड फसला

मैत्रीण आणि तिच्या नवऱ्याने एका वीकएंडला भिंतींच्या चौकटीत काचलोकर ठासून भरली, वर प्लाय ठोकला आणि हीटर लावला. आठवडाभर सॉलिड ऊब! जानेवारीत मात्र कुबट वास सुटला. प्लायवर काळे ठिपके दिसू लागले. भिंतीलगत ठेवलेल्या खोक्यातली बाबांची पुस्तकं बुरशीने गेली. ‘पैसे गेले त्याचं काही नाही गं, पण ती पुस्तकं...’ फोनवर तिला पुढे बोलवेना.

चूक नक्की कुठे झाली? फ्रीजमधून काढलेली बाटली आठवा, तिला बाहेरून घाम येतो. तसंच झालं. वीस अंश तापमानाची एक घनमीटर हवा साधारण १७ ग्रॅम वाफ धरू शकते, पाच अंशांची जेमतेम सात. आपल्या श्वासातली, चहाच्या कपातली वाफ भिंतीत शिरते, बाहेरच्या गार फळीला टेकते आणि तिचं पाणी होतं. तेही आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी!

मग केलं काय?

वसंतात दोघांनी सगळं उचकटलं आणि लाकूड पूर्ण वाळू दिलं. गळकं छप्पर आधी दुरुस्त केलं. या वेळी आणले चंदेरी मुलाम्याचे, २५ मिलिमीटर जाडीचे फोमचे बोर्ड. चौकट ५० मिलिमीटरची, त्यामुळे बाहेरची फळी आणि बोर्ड यांच्यात २५ मिलिमीटरची फट राहिली. हवा खेळती राहावी म्हणून तिला खाली-वर जाळीची भोकं ठेवली. बोर्डांच्या सांध्यांवर चंदेरी टेप लावली. त्यावर, म्हणजे खोलीच्या बाजूने, वाफ अडवणारं प्लास्टिक. सगळ्यात शेवटी प्लाय आणि पांढरा रंग. जमिनीवरही फोम आणि वर जाड फळ्या, कारण पाय गारठले की कामात लक्ष लागत नाही.

एक लक्षात घ्या, इन्सुलेशन ऊब तयार करत नाही, ती फक्त धरून ठेवतं, थर्माससारखी. हीटर लागतोच, पण थोडा वेळ.

हे विसरू नका!

* काचलोकर हाताळताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट मस्ट!
* फोम पेट घेऊ शकतो. तो उघडा ठेवू नका, हीटर भिंतीपासून लांब ठेवा.
* वीज घरातून एक्स्टेंशन बोर्ड ओढून नेऊ नका. हे काम इलेक्ट्रिशियनचंच.
* सगळ्या फटी बुजवल्या तरी खोलीला एक झरोका हवाच.
* पुस्तकं, कपाट भिंतीला चिकटवू नका. मध्ये चार बोटं जागा सोडा.

पुण्या-मुंबईत गच्चीवर पत्र्याची खोली असेल तर आपला प्रॉब्लेम उलटा, थंडी नाही, ऊन! तेव्हा सुरुवात छपरापासून करा. आणि पावसाळ्यात एसी लावणार असाल तर दमट हवा बाहेरून आत येते, म्हणून तो प्लास्टिकचा पडदा इंग्लंडच्या पद्धतीने आतल्या बाजूला लावू नका.

पुढच्या हिवाळ्यात मैत्रीण एका साध्या स्वेटरवर काम करत होती. आई पुन्हा आली होती. चहा घेऊन शेडमध्ये डोकावली, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘कोरडी आहे गं!’ जाताना टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं ठेवून गेली. बाबांच्या पुस्तकांपैकी पुण्यात उरलेली तीन.